ऑफिस २०१० वरून २०२१ केलं आणि सभेच्या नोटिसांचा मॅक्रो बसला

एमएच_तेरा | गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. परवा विसर्जन, पोरं मंडपात लेझीम खेळायलेत आणि मी ऑफिसात कॉम्प्युटरपुढं डोकं धरून बसलोय.

सोलापुरातल्या एका पतसंस्थेत लेखनिक आहे. हुद्दा लेखनिक, पण प्रिंटरची शाई, इन्व्हर्टरचं पाणी आणि कॉम्प्युटर सगळं माझ्याच गळ्यात. सभासद २,३४०. दरवर्षी वार्षिक सभेची नोटीस आणि लाभांशाचं पत्र एक्सेलमधल्या एका बटणावर निघायचं. बटण दाबलं की मागं वर्ड उघडायचं, मेल मर्ज व्हायचं (एकाच पत्रात यादीतली नावं-रकमा एकेक करून भरल्या जायच्या) आणि प्रत्येक सभासदाची वेगळी पीडीएफ त्याच्या सभासद क्रमांकाच्या नावानं फोल्डरमध्ये पडायची. तोवर मी समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचो. हा मॅक्रो, म्हणजे बटणामागचा छोटा प्रोग्राम, २०१२ साली एका शिकाऊ पोरानं लिहून दिला. पोरगं आता पुण्यात असतं, फोन उचलत नाही.

ऑगस्टअखेर जुना विंडोज सेव्हनचा डबा गेला. नवीन मशीन आलं, विंडोज ११, त्यावर ऑफिस २०२१. जुन्या हार्डडिस्कवरच्या फायली काढून मलाच ईमेल केल्या आणि नवीनवर उतरवल्या. बटण दाबतो तर काहीच नाही. वर एक लाल पट्टी आली आहे, तिच्यावर 'मॅक्रो अडवले' असं काहीतरी.

सभा रविवारी २८ तारखेला. ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आणि आमच्या पोटनियमाप्रमाणे नोटीस १४ पूर्ण दिवस आधी. म्हणजे १२ तारखेपर्यंत गठ्ठे शिपायाच्या हातात पडायला पाहिजेत. मॅक्रो लिहायची भाषा, व्हीबीए, मला येत नाही. बटण दाबता येतं.

---

चटणी_जास्त | ४ सप्टेंबर, रात्री ९.५२

२०१० परत टाका. चाललेलं मोडायचं आणि मग दुरुस्त करायचं हा उद्योग कुणी सांगितलाय.

---

कडक_भाकरी | ४ सप्टेंबर, रात्री १०.१५

२०१० चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० लाच संपला. लोकांच्या ठेवी असलेल्या ठिकाणी ते परत टाकू नका.

(मी मूळ बाळीवेशीतला, आता पिंपरीत. दिवसभर हेच करतो. कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहितो, टाकताना मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरा.)

एमएच_तेरा, लाल पट्टी म्हणजे मॅक्रो बिघडलेला नाही. फाईल ईमेलनं आली, त्यामुळे विंडोजनं तिच्यावर 'इंटरनेटवरून आलेली' असा शिक्का मारलाय. २०२२ पासून ऑफिस अशा फायलीतले मॅक्रो सरळ अडवतं. पूर्वी पिवळी पट्टी यायची, 'एनेबल कंटेंट' दाबलं की काम भागायचं. लाल पट्टीवर ते बटणच नसतं.

एक्सेल बंद करा. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबमध्ये सगळ्यात खाली 'अनब्लॉक' चौकट आहे, तिच्यात टिक, ओके. वर्डचं टेम्प्लेट असेल त्यालाही तेच. एवढं करून बटण दाबा, आणि पुढं जो मेसेज येईल तो शब्द न शब्द टाका. आणखी एक बघा: वर्डमध्ये फाईल, अकाउंट, अबाउट वर्ड. पहिल्याच ओळीच्या शेवटी ३२ बिट लिहिलंय की ६४?

---

माग_चालू | ४ सप्टेंबर, रात्री १०.३१

पेनड्राईव्हनं आणली असती तर लाल पट्टीच आली नसती. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राईव्हवर तो शिक्का टिकत नाही, तो एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच राहतो. आमच्याकडं सगळ्या फायली पेनड्राईव्हवरच फिरतात म्हणून हा त्रास नाही. व्हायरस मात्र फिरतो.

---

एमएच_तेरा | ५ सप्टेंबर, सकाळी ११.०५

भाकरी दादा, अनब्लॉक केलं, लाल पट्टी गेली. ६४ बिट आहे.

आता बटण दाबलं की कोडची खिडकी उघडते, 'कंपाईल एरर'. म्हणतंय की या प्रोजेक्टमधला कोड ६४ बिट सिस्टीमसाठी सुधारावा लागेल, डिक्लेअर स्टेटमेंट तपासा आणि त्यांना 'पीटीआरसेफ' लावा. वरच्या दोन ओळी लाल झाल्यात, एकीत 'स्लीप' आहे, दुसरीत 'शेलएक्झिक्यूट'.

---

चटणी_जास्त | ५ सप्टेंबर, सकाळी ११.२०

मग ६४ काढून ३२ बिटवालं टाका की. आमच्या सीए साहेबांनी तेच केलं.

---

कडक_भाकरी | ५ सप्टेंबर, दुपारी १.४०

दोन ओळींसाठी ऑफिस उपटायचं काय? जुनं ॲड-इन असेल आणि त्याची ६४ बिट आवृत्तीच मिळत नसेल तर ३२ बिट ठीक. इथं तसलं काही नाही.

झालंय असं. ऑफिस २०१६ पर्यंत साधं इन्स्टॉल केलं की ३२ बिट यायचं, २०१९ पासून ६४ बिट येतं. तुमचा मॅक्रो त्या दोन ओळींत थेट विंडोजच्या फंक्शनला हाक मारतो. ६४ बिटमध्ये मेमरीचे पत्ते दुप्पट लांबीचे असतात, म्हणून व्हीबीए आधी विचारतं की या हाकेचं तू तपासलंयस का. 'पीटीआरसेफ' म्हणजे हो, तपासलंय.

स्लीपच्या ओळीत 'डिक्लेअर' शब्दानंतर जागा सोडून 'पीटीआरसेफ' टाका, काम झालं. स्लीपला फक्त मिलीसेकंदांचा आकडा जातो, पत्ता जात नाही. शेलएक्झिक्यूटमध्ये मात्र खिडकीचा हँडल जातो, तिथं नुसता शब्द चिकटवून भागत नाही, 'एचडब्ल्यूएनडी' पुढचं 'लाँग' बदलून 'लाँगपीटीआर' करावं लागतं, फंक्शन जे परत देतं त्यालाही. ते कशासाठी वापरलंय ते बघा. शेवटी फोल्डर उघडून दाखवायला असेल तर अख्खी ओळच काढा आणि त्या जागी 'धिसवर्कबुक डॉट फॉलोहायपरलिंक' लिहून पुढं फोल्डरचा पत्ता द्या.

---

एमएच_तेरा | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१०

फोल्डर उघडायलाच होतं. काढलं. कंपाईल एरर गेली!

पण आता मॅक्रो चालू होतो आणि लटकतो. अर्धा तास वाट बघितली. स्क्रीनवर वर्ड दिसत नाही, टास्क मॅनेजरमध्ये मात्र आहे. तिथून मारलं की एक्सेल रडतं. तीनदा मारलं.

---

टेरी_टॉवेल | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

मध्ये घुसते, माफ करा. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. खोक्यांची लेबलं अशीच मॅक्रोनं निघतात, आमचंही ऑफिस याच महिन्यात बदललं. माझ्याकडं मेसेज येतो की 'प्रोव्हायडर सापडत नाही, नीट इन्स्टॉल झालेला नसावा'. नंबर ३७०६. फाईल जुनी एक्सएलएस आहे.

---

कडक_भाकरी | ५ सप्टेंबर, रात्री ९.३०

ताई, तुमच्या कनेक्शनच्या ओळीत 'मायक्रोसॉफ्ट डॉट जेट डॉट ओलेडीबी डॉट ४.०' असणार. जेट म्हणजे फाईलमधला डेटा वाचून देणारा जुना प्रोव्हायडर, त्याची ६४ बिट आवृत्ती कधी निघालीच नाही. त्या जागी 'मायक्रोसॉफ्ट डॉट एस डॉट ओलेडीबी डॉट १२.०' लिहा. एस म्हणजे ए-सी-ई. पुढचं 'एक्सेल ८.०' तसंच ठेवा, ते एक्सएलएस फाईलसाठीच असतं. पुढंमागं एक्सएलएसएक्स केलीत तर तिथं 'एक्सेल १२.० एक्सएमएल' करा.

एमएच_तेरा, तुमचं वर्ड लटकलेलं नाही, ते तुम्हाला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसलंय. मॅक्रोनं वर्ड लपवून उघडलंय, त्यामुळे प्रश्नाची खिडकीही लपली. 'व्हिजिबल इज इक्वल टू फॉल्स' शोधा, फॉल्सचं ट्रू करा, पुन्हा चालवा आणि काय विचारतंय सांगा.

---

एमएच_तेरा | ५ सप्टेंबर, रात्री १०.०२

खरंच की! 'हे डॉक्युमेंट उघडल्यावर पुढील एसक्यूएल कमांड चालेल, पुढं जायचं का' असं विचारतंय. येस दाबलं की पुढं जातं.

---

माग_चालू | ५ सप्टेंबर, रात्री १०.१०

रजिस्ट्रीत जा, ऑफिसखाली १६.०, वर्ड, ऑप्शन्स. तिथं 'एसक्यूएलसिक्युरिटीचेक' नावाचं डीवर्ड करून शून्य टाका. प्रश्न विचारणं कायमचं बंद.

---

कडक_भाकरी | ५ सप्टेंबर, रात्री १०.२५

होतं तसं, पण मग कुणाच्याही वर्ड फाईलमधली एसक्यूएल (डेटा मागवायची कमांड) न विचारता चालते. पतसंस्थेच्या मशीनवर मी ते करणार नाही.

हा प्रश्न येतो म्हणजे टेम्प्लेटच्या पोटात डेटाची जोडणी सेव्ह झालेली आहे. एमएच_तेरा, टेम्प्लेट हातानं उघडून डेटा जोडून बघितला होतात का?

---

एमएच_तेरा | ५ सप्टेंबर, रात्री १०.३१

मागच्या आठवड्यात. चालतंय का बघायला. आणि सेव्ह केलं. 😐

---

कडक_भाकरी | ५ सप्टेंबर, रात्री १०.४४

मग ती काढा. टेम्प्लेट उघडा, मेलिंग्ज टॅब, स्टार्ट मेल मर्ज, 'नॉर्मल वर्ड डॉक्युमेंट', सेव्ह. फील्ड जागच्या जागी राहतात, नुसती जोडणी तुटते. डेटा जोडायचं काम मॅक्रोवर सोडा. कोडमध्ये 'मेनडॉक्युमेंटटाईप' आणि त्याच्याखाली 'ओपनडेटासोर्स' या ओळी आहेत ना? नसतील तर मर्जच्या वेळी वर्ड सांगेल की हे मेल मर्जचं डॉक्युमेंटच नाही.

---

एमएच_तेरा | ६ सप्टेंबर, सकाळी ९.१५

दोन्ही ओळी आहेत. दहा सभासदांवर चालवलं, दहाच्या दहा पत्रं बरोबर! रक्कम, तारीख सगळं नीट. दादा, तुमच्या नावानं आज बाप्पाला एक मोदक जास्त.

एकच खोट. पत्र एका पानात बसायचं, आता सहीच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जातात. २,३४० पानं कागद वाया.

---

टंकलेखन_काका | ६ सप्टेंबर, सकाळी १०.३०

यात मी बोलतो. चाळीस वर्षं टायपिंग शिकवलं, नंतर डीटीपी.

पत्राचा फाँट कोणता होता? कोकिळा, उत्साह, अपराजिता यांपैकी असेल तर रोग कळला. विंडोज सेव्हनमध्ये हे फाँट आपसूक असायचे. विंडोज १० पासून ते आणि मंगलसुद्धा वेगळ्या पुडीत बांधून ठेवलेत. मशीनवर फाँट नसला की वर्ड गुपचूप दुसरा लावतं, बहुतेक निर्मला यूआय. फाँटच्या चौकटीत नाव मात्र कोकिळाच दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो. कोकिळा अंगानं बारीक आहे, त्याच १४ आकारात निर्मला बराच जास्त जागा खातो. पान फुटणारच.

सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, त्यात 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' घ्या. इंटरनेट लागेल. वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

---

एमएच_तेरा | ६ सप्टेंबर, सकाळी ११.४८

काका, कोकिळाच होता. टाकला, पत्र एका पानात बसलं. साष्टांग.

जुन्या सत्तरेक सभासदांची नावं श्रीलिपीत टाईप केलेली आहेत. एक्सेलमध्ये नीट दिसतात, पत्रात मात्र कंसं-टिंबं-इंग्रजी अक्षरं येतात. ती आम्ही दरवर्षी हातानं लिहितो. त्याला उपाय?

---

टंकलेखन_काका | ६ सप्टेंबर, दुपारी १२.०५

मर्जमध्ये नुसता मजकूर जातो, सेलचा फाँट जात नाही. श्रीलिपीचा 'मजकूर' म्हणजे मुळात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच, अंगावर मराठी फाँटचा सदरा. सदरा काढला की आतलं दिसलं. सत्तर नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करा, इनस्क्रिप्ट येत असेल तर तासाचं काम. कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासावे लागतात. पद्मशाली आडनावांवर तर हमखास घसरतात. सत्तरासाठी त्या भानगडीत पडू नका.

---

एमएच_तेरा | ८ सप्टेंबर, दुपारी ४.२०

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस आजारी, त्यामुळे आज लिहितोय.

होटगी रोडच्या शाखेत अजून २०१० आहे. त्यांचे ६०० सभासद तेच छापतात, म्हणून हीच फाईल तिकडं पाठवली. तिथं 'प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही' आलं आणि 'फॉरमॅट' हा शब्द निळा झाला. शाखेतले म्हणतात मुख्य कार्यालयानं फाईल नासवली.

---

कडक_भाकरी | ८ सप्टेंबर, रात्री ८.५०

नासवली नाही, वर चढवली. फाईल नवीन ऑफिसात उघडली की वर्डच्या लायब्ररीचा (वर्डच्या कमांडांची नावं जिथं असतात ती यादी) संदर्भ १४.० वरून आपोआप १६.० होतो, तुम्ही सेव्ह केलंत आणि तो पक्का झाला. नवीनवरून जुन्यावर गेली की उतरणारं कुणी नाही. कोडच्या खिडकीत टूल्स, रेफरन्सेस उघडायला सांगा, तिथं 'मिसिंग' दिसेल. निळ्या झालेल्या 'फॉरमॅट'चा काही दोष नाही. लायब्ररी हरवली की व्हीबीए असंच भलत्यालाच पकडतं.

दोन्हीकडं एकच फाईल चालवायची तर लायब्ररीवर अवलंबून राहायचंच नाही. रेफरन्सेसमधली वर्डची टिक काढा. 'ॲज वर्ड डॉट ॲप्लिकेशन', 'ॲज वर्ड डॉट डॉक्युमेंट' असेल तिथं 'ॲज ऑब्जेक्ट' करा. 'न्यू वर्ड डॉट ॲप्लिकेशन' असेल तिथं 'क्रिएटऑब्जेक्ट' आणि कंसात अवतरणात 'वर्ड डॉट ॲप्लिकेशन'. याला लेट बाइंडिंग म्हणतात. पीटीआरसेफची काळजी नको, २०१० ला तो शब्द कळतो.

---

एमएच_तेरा | ९ सप्टेंबर, दुपारी १२.३०

केलं. शाखेत एरर नाही, इथंही नाही. फायली पडल्या, पण एकही पीडीएफ उघडत नाही. 'फाईल खराब आहे किंवा हा प्रकार चालत नाही' म्हणतंय. इकडंही तेच, तिकडंही तेच.

---

कडक_भाकरी | ९ सप्टेंबर, दुपारी १.१५

हे माझ्याकडून सांगायचं राहिलं, माफ करा. सेव्हच्या ओळीत 'डब्ल्यूडीफॉरमॅटपीडीएफ' आहे ना? ते वर्डच्या लायब्ररीतलं नाव आहे, खरी किंमत १७. लायब्ररी काढल्यावर एक्सेलला ते नावच माहीत नाही, म्हणून ते त्याला रिकामं व्हेरिएबल धरतं. रिकामं म्हणजे शून्य. वर्डच्या भाषेत शून्य म्हणजे जुनी डॉक फाईल. तुमच्या 'पीडीएफ' या डॉक फायली आहेत, नुसतं शेपूट पीडीएफचं. त्या नावाच्या जागी १७ लिहा.

---

एमएच_तेरा | १० सप्टेंबर, सकाळी १०.५५

१७ लिहिलं, पीडीएफ उघडायला लागल्या. सगळी २,३४० काढली. छापायला देणार तेवढ्यात व्यवस्थापक साहेबांनी सहज स्वतःचं पत्र बघितलं आणि मला आत बोलावलं.

त्यांच्या लाभांशाची रक्कम १२३४.३५ पाहिजे, आलीय १२३४.३४९९९९९९९९९९९. ते सभासद झाले ५ एप्रिल २००९ ला, पत्रात ४/५/२००९. म्हणजे वाचणाऱ्याला ४ मे. सोमवारी दोन जणांचे पत्ते मी स्वतः दुरुस्त केले, पत्रात जुनेच आलेत. एका वारसाचा सभासद क्रमांक '१००१/अ' आहे, तिथं कोरं.

दादा, शनिवारी याच मशीनवर, याच ऑफिसात, हेच सगळं बरोबर येत होतं. मी तेव्हाची दहा पत्रं जपून ठेवलीत, त्यातही साहेबांचं आहे आणि त्यात ५/४/२००९ आहे. ते दोन पत्ते सोडले तर मधे मी डेटाला हात लावलेला नाही. परवापर्यंत वाटप सुरू झालं पाहिजे. काय करू सांगा.

---

चटणी_जास्त | १० सप्टेंबर, सकाळी ११.०२

काय बोललालाव! शनिवारी बरोबर अन् बुधवारी चूक? रीस्टार्ट केलं का?

---

माग_चालू | १० सप्टेंबर, सकाळी ११.४०

तारीख आणि रक्कम तर नेहमीचंच दुखणं. वर्डमध्ये ऑल्ट एफ९ दाबा, फील्डचा आतला कोड दिसतो. तारखेच्या फील्डला उलटी तिरकी रेघ आणि ॲटचं चिन्ह देऊन अवतरणात डीडी, मोठं एमएम, वायवायवायवाय. एमएम मोठंच पाहिजे, लहान लिहिलं तर मिनिटं छापतं. रकमेला उलटी रेघ, हॅश आणि पुढं दोन दशांशांचा साचा.

पण जुने पत्ते कसे आले ते मला उमगत नाही.

---

कडक_भाकरी | १० सप्टेंबर, दुपारी २.१०

पत्त्यांनीच चोर दाखवला.

एमएच_तेरा, 'ओपनडेटासोर्स'च्या ओळीत शेवटी 'सबटाईप' आहे का, आणि त्याच्यापुढं 'डब्ल्यूडीमर्जसबटाईपवर्ड२०००' असं लांबलचक नाव?

---

एमएच_तेरा | १० सप्टेंबर, दुपारी २.१८

आहे! जसंच्या तसं.

---

कडक_भाकरी | १० सप्टेंबर, दुपारी ३.०५

मग ऐका. ही तुमची चूक नाही, माझीच. पीडीएफचं नाव रिकामं झालं तेव्हाच मी बाकीची नावं तपासायला सांगायला पाहिजे होतं.

वर्डला एक्सेलमधून डेटा उचलायचे दोन रस्ते आहेत. जुना डीडीई. त्यात वर्ड चालू असलेल्या एक्सेललाच विचारतं आणि सेलमध्ये जसं दिसतं तसं उचलतं, म्हणजे दोन दशांश तर दोन दशांश, दिवस आधी तर दिवस आधी. सेव्ह न केलेला बदलही दिसतो. दुसरा ओलेडीबी. वर्ड २००२ पासून तोच मूळ धरलेला आहे. तो डिस्कवर सेव्ह झालेली फाईल वाचतो आणि सेलच्या आतली कच्ची किंमत उचलतो. दिसण्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणून तारीख अमेरिकन वळणाची आणि रकमेला ९९९९ चं शेपूट.

२०१२ मधलं ते पोरगं हुशार होतं. त्यानं सबटाईप मुद्दाम देऊन वर्डला डीडीईच्या रस्त्यावर नेलं होतं. त्या लांबलचक नावाची किंमत ८. शनिवारी लायब्ररी जागेवर होती, ८ पोचला, पत्रं बरोबर आली. सोमवारी रात्री मी लायब्ररी काढायला लावली, नाव रिकामं झालं, ८ चं शून्य झालं. शून्य म्हणजे 'इतर', आणि वर्डनं मुकाट्यानं ओलेडीबीचा रस्ता धरला. एरर येणारच नव्हती, कारण शून्यही चालतं.

पत्ते दुरुस्त केल्यावर फाईल सेव्ह केली नव्हती ना?

---

एमएच_तेरा | १० सप्टेंबर, दुपारी ३.१२

नव्हती. छापून झाल्यावर करणार होतो. अंगावर काटा आला.

---

टेरी_टॉवेल | १० सप्टेंबर, दुपारी ३.३०

माझी लेबलं परवापासून चालली आहेत, पण हे वाचून मी खोक्यांची वजनं पुन्हा तपासायला उठले. 🙏

---

कडक_भाकरी | १० सप्टेंबर, दुपारी ४.००

आता लगेच सगळ्यात वर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' टाका. मग डिबग मेनूतून कंपाईल दाबा. जे नाव एक्सेलला माहीत नाही तिथं ते थांबेल. एकेक करून आकडे टाका. माझ्या अंदाजानं निघतील ती अशी: फॉर्मलेटर्स ०, सेंडटून्यूडॉक्युमेंट ०, डूनॉटसेव्हचेंजेस ०, आणि हे ८. पहिल्या तिघांची खरी किंमतच शून्य, म्हणून ती रिकामी राहूनही बिघडली नाहीत. नशीब.

८ टाकलं की परवापुरतं काम होईल. तरी मी डीडीईवर राहणार नाही. तो फक्त पहिली शीट वाचतो, दोन एक्सेल उघडी असली की कधी कधी गोंधळतो, आणि लोकांनी तो कधीच मागं टाकलाय. ओलेडीबीच ठेवा आणि डेटा मजकूर करून द्या.

शीटला तीन नवीन रकाने जोडा. तारखेसाठी 'टेक्स्ट' सूत्र, अवतरणात डीडी, एमएम, वायवायवायवाय तिरक्या रेघांसकट. रकमेसाठीही टेक्स्ट, आणि इथं आपला लाख-कोटीचा स्वल्पविराम बसवून घ्या. साच्याचे अर्धविरामानं तीन भाग: पहिला कोटी किंवा जास्त, दुसरा लाख किंवा जास्त, तिसरा उरलेलं. अट चौकोनी कंसात. पहिल्या दोन भागांत स्वल्पविरामाआधी उलटी रेघ द्या, नाहीतर एक्सेल स्वतःच्या मनानं हजाराचे गट पाडतं. तिसरा रकाना सभासद क्रमांकासाठी, नुसतं मूळ सेल, अँडचं चिन्ह आणि दोन रिकामी अवतरणं.

हा तिसरा १००१/अ साठी. ओलेडीबी वरच्या आठ ओळी बघून ठरवतो की रकाना आकड्यांचा की मजकुराचा. वर आठही साधे आकडे असले की खालचा 'अ' त्याला कचरा वाटतो, तो कोरं देतो. अख्खा रकाना मजकुराचा केला की तक्रार संपली.

टेम्प्लेटमधली फील्ड नवीन रकान्यांवर वळवा. मॅक्रोत ओपनडेटासोर्सच्या आधी 'धिसवर्कबुक डॉट सेव्ह'. आणि सबटाईपचा तुकडा काढूनच टाका.

---

टंकलेखन_काका | १० सप्टेंबर, दुपारी ४.४०

छापण्याआधी दहा नको, शंभर तपासा. आणि पहिले शंभर नकोत, मधले-मधले. आम्ही प्रूफं अशीच बघायचो, पहिलं पान सगळेच नीट वाचतात.

---

एमएच_तेरा | ११ सप्टेंबर, रात्री ११.२०

झालं. ऑप्शन एक्सप्लिसिटनं चार नावं पकडली, दादांनी सांगितलेली तीच. रकाने जोडले. लाखाच्या स्वल्पविरामाला तासभर गेला, मी उलटी रेघ एका ठिकाणी विसरत होतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे दर तेविसावं पत्र काढून साहेबांनी आणि मी समोरासमोर बसून तपासलं, ते वाचायचे आणि मी खतावणीला बोट लावायचो. एक चूक निघाली, ती खतावणीत होती.

शाखेच्या २०१० वरही तीच फाईल चालली. शाखेतल्यांनी फोन करून सांगितलं, पण नासवल्याचं बोललेलं परत घेतलं नाही.

जुन्या फाँटातली सत्तर नावं वहिनीनं (माझ्या बायकोनं नव्हे, शाखेतल्या कॅशियर वहिनी) दुपारी टाईप करून दिली. उद्या सकाळी शिपाई नोटिसा घेऊन निघतो, पहिला हात अशोक चौक ते साखर पेठ.

दादा, पुण्याला जाणाऱ्या कुणाकडं तरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवतो. पत्ता निरोपात द्या.

---

चटणी_जास्त | ११ सप्टेंबर, रात्री ११.३१

तुमच्या २०२१ चा सपोर्टपण १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतोय, माहितेय ना? पुढच्या वर्षी हाच धागा वर काढू.

---

कडक_भाकरी | १२ सप्टेंबर, सकाळी ७.१०

भाकरी चालेल, चटणी लसणाची. १००१/अ आलं का?

---

एमएच_तेरा | १२ सप्टेंबर, सकाळी ७.२५

आलं.